आधी भरती विचारा

पहिल्यांदाच कयाक किंवा पॅडलबोर्ड घेणारा माणूस किनाऱ्यावर दोनच गोष्टी विचारतो. पोहता यायलाच हवं का, आणि मोबाइल कुठे ठेवू? ओहोटी कधी लागते, हे मात्र कोणी विचारत नाही.

कोकण-गोव्याच्या खाड्यांत हा खेळ आता चांगलाच रुजलाय. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथलं सकाळचं पाणी नवख्याला तळ्यासारखं वाटतं. पण ओहोटी लागली की सगळी खाडी मुखाकडे ओढ घेते. त्यात पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा. म्हणजे ‘शांत वेळ’ म्हणून निवडलेल्या सकाळी पाणी आणि वारा दोघंही तुम्हाला बाहेर ढकलत असू शकतात. जाताना वाटतं, वा, काय जमतंय! परतताना खांदे भरून येतात. म्हणून सुरुवात प्रवाहाच्या उलट दिशेने करावी, दम आहे तोवर.

कयाकमध्ये माणूस पाण्यालगत बसलेला, त्याला वारा कमी लागतो. बोर्डवर उभा राहिलेला माणूस म्हणजे शीडच. वारा सुटला की सरळ गुडघ्यांवर बसावं, त्यात कमीपणा कसला? कमरेएवढ्या पाण्यात एकदा मुद्दाम पडून पुन्हा चढून बघावं. तोलाचं म्हणाल तर तो थोड्या वेळात साधतो. त्याचं एवढं कौतुक का होतं, कोण जाणे.

भरतीचं गणित किनाऱ्यावरची जुनी माणसं बोटांवर करतात : तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. दुसरी भरती साडेबारा तासांनी. गावागणिक वेळ थोडी मागेपुढे होते, पण अंदाज यायला तेवढं पुरतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जबर, अष्टमीच्या भांगाला कमी. नवख्यांनी अष्टमी गाठावी.

लाइफ जॅकेट बांधून दिलं की आपलं काम संपलं, असं काही चालकांना वाटतं. माणसाला बोर्डशी जोडणारा पट्टाही ते सरसकट घोट्याला बांधतात. वाहत्या पाण्यात तो कांदळवनाच्या मुळांत किंवा जाळ्याच्या खुंटात अडकला, तर ओढीत वाकून सोडवणं कठीण. तिथे कमरेला, एका झटक्यात सुटणारा पट्टा हवा. आणि पावतीवर त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहायला काय हरकत आहे? ज्याच्या फलकावर दर ठळक आहेत पण या वेळा नाहीत, त्याच्याकडून मी तरी बोर्ड घेत नाही.