बिननावाचा अक्ष

नाव नसलेल्या मुलाला शाळेत घेत नाहीत. पत्ता नसलेलं पाकीट पोस्टात पडून राहतं. खर्डी स्टेशनात पाटी नसती, तर कसारा लोकलमधले निम्मे उतारू आटगावलाच उतरून मोकळे झाले असते. जगात प्रत्येक वस्तूला नाव लागतं, अपवाद फक्त आलेखाच्या अक्षाचा. हल्ली कोणीही उठतो, कॉम्प्युटरवर रंगीबेरंगी खांब उभे करतो आणि साहेबांपुढे ठेवतो. खांबांखाली नाव आहे का, हे विचारणाऱ्याला 'जुन्या वळणाचे' म्हणतात. तर मी जुन्या वळणाचा आहे, आणि विचारणार.

मी छत्तीस वर्षं गणित शिकवलं. आलेखाच्या कागदावर उजव्या कोपऱ्यात 'प्रमाण' लिहिलं नाही, की मी अर्धा गुण कापीत असे. पालक भांडायला येत. "गुरुजी, रेघ तर बरोबर आहे ना?" अहो, रेघ नेहमीच बरोबर असते. ती कशाची आहे, एवढाच प्रश्न असतो! त्या अर्ध्या गुणावरून ज्यांनी मला खाष्ट ठरवलं, त्यांच्यासाठीच पुढची हकिकत सांगतो.

आमच्या शहापूर तालुक्याची तऱ्हा तुम्हांला ठाऊक असेलच. तानसा 1892 सालापासून मुंबईला पाणी पाजतो आहे. मोडक सागर पाहायला येणारे खर्डीलाच उतरतात. भातसा तर मुंबईच्या पाण्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकटा उचलतो. आणि या तलावांच्या आसपासच्या पाड्यांवर मार्च उजाडला की बायाबापड्या हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. मुंबईकर पाहुणा आमच्याकडे आला की आधी नळ सोडून पाहतो आणि मग आमच्याकडे पाहतो.

तर या टंचाईचा आलेख एका कचेरीत मांडला होता. कचेरीचं नाव सांगत नाही. बाराही महिन्यांचे खांब होते, रंग सुरेख होता, आणि खाली आकडे होते 1 ते 12. सर्वांत उंच खांब 10, 11 आणि 12 वर. नव्यानं आलेल्या साहेबांनी बोटावर मोजलं. "म्हणजे ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. मग मार्चपासून टँकर कशाला मागता?"

आता खरी गोम अशी, की पाण्याचा हिशेब जानेवारीपासून मांडत नाहीत. तो जूनपासून, पाऊस लागला की सुरू होतो. म्हणजे 1 हा जून, आणि 10, 11, 12 म्हणजे मार्च, एप्रिल, मे. सभेला आलेली पाड्यावरची एक बाई तेवढ्यात उठून म्हणाली, "साहेब, दिवाळीला आमच्या विहिरीत पाणी असतं. तुम्ही शिमग्याला या." तिनं आलेखाकडे पाहिलंही नव्हतं, म्हणूनच ती बरोबर होती. साहेबांनी मात्र कागद खुलाशासाठी परत पाठवला. कागद पंधरा दिवस फिरला, आणि ते पंधरा दिवस हंडे झऱ्यावर, तेही पहाटे तीनला. आता सांगा, अर्धा गुण कापणारा मी खाष्ट का?

कारकुनाचं उत्तर ठरलेलं. "कॉम्प्युटरनं काढलंय." मला एक्सेलची बाजू घ्यावीशी वाटते. हे 1985 साली जन्मलेलं गुणी पोर आहे. यांनी त्याला टँकरांच्या आकड्यांचा रकाना निवडून दिला आणि महिन्यांचा दिलाच नाही. हजेरीपट न देता मुलं मोजायला सांगितली तर तुम्हीही एक, दोन, तीनच म्हणाल. बरं, औषध तरी अवघड आहे? आलेखावर उजवी टिचकी मारा, 'सिलेक्ट डेटा' म्हणा, आडव्या अक्षाच्या लेबलांशेजारच्या 'एडिट'वर जा आणि महिन्यांची घरं दाखवा. चहा निवायच्या आत काम होतं.

याच्या उलटा रोगही आहे, आणि तो अधिक घातकी. रकान्याला 'वर्ष' असं मथळ्याचं नाव दिलं, खाली 2019, 2020, 2021 लिहिलं, की ही वर्षं म्हणजेही मोजायचे आकडेच, असं एक्सेलला वाटतं, आणि ते त्यांचीही एक रेघ काढतं. दुसरीकडे हे चटकन उमगतं, पण आमच्याकडे पाऊसही दोन-अडीच हजार मिलिमीटरच्या घरातला! तेव्हा 2019 ची रेघ पावसाच्या रेघेशेजारी अगदी सख्ख्या बहिणीसारखी शोभते. पावसाचा असा एक आलेख मी डोळ्यांनी पाहिला आहे, आणि त्याखालचा 'पर्जन्यमानात सातत्यानं वाढ' हा शेराही. वाढ होती दर वर्षाला बरोबर एक मिलिमीटर! आलेख काढण्यापूर्वी त्या रकान्याच्या मथळ्याचं घर रिकामं ठेवलं असतं, तरी वरुणराजाची ही शिस्त टळली असती.

काही शहाणे म्हणतात, "एवढं कशाला, उभा अक्ष शून्यापासून सुरू केला की आलेख प्रामाणिक." हेही खोटं. तानसा 128.63 मीटरला भरून वाहतो, आणि 118.87 च्या खाली गेला की नेहमीच्या वाटेनं पाणी घेता येत नाही. म्हणजे त्याचा सगळा जीव दहा मीटरांहूनही थोडक्यात. शून्यापासून खांब काढा, तळ गाठलेला तानसा भरलेल्या तानशाच्या नऊ-दशांशाहून उंच दिसेल. मुंबईकर निर्धास्तपणे मोटारी धूत बसेल! अक्षावर नुसतं 'मीटर' लिहून भागत नाही, कुठून मोजलेले मीटर आणि कुठवर उपयोगाचे, तेही लिहावं लागतं. त्यासाठी एक ओळ जास्त टंकावी लागते, आणि तेवढाच आमच्या लोकांना कंटाळा.

त्या कचेरीत मी लेखी तक्रार दिली. अक्षांना नावं द्या, एवढीच मागणी. दखल घेतली गेली, खोटं कशाला बोलू? पुढच्या सभेच्या आलेखात दोन्ही अक्षांना ठळक अक्षरांत नाव होतं. आडव्याला 'अ‍ॅक्सिस टायटल', आणि उभ्यालाही 'अ‍ॅक्सिस टायटल'.