गिटार क्लास काढताय? आधी एक गाणं विका

साताऱ्यात किंवा सांगलीत गिटार क्लास काढायचा विचार असेल, तर "दोन वर्षांचा कोर्स" असा बोर्ड लावू नका. कॉलेजचं पोरगं कोर्स करायला येत नाही, त्याला एक गाणं वाजवायचं असतं. डीप पर्पलचं 'स्मोक ऑन द वॉटर' घ्या, १९७२ च्या 'मशीन हेड' अल्बममधलं. त्याची सुरुवातीची धून सोपी करून एकाच तारेवर बसवता येते. पहिल्याच आठवड्यात पोरगं घरी वाजवून दाखवतं, आणि फी भरणारे आई-बाबा ते ऐकतात!

पण तिथंच थांबलात तर ती फसवणूक झाली. धून म्हणजे गाणं नव्हे. पुढे कॉर्ड बदलायच्या, ठेका सोडायचा नाही, न अडखळता शेवटपर्यंत जायचं. पोरं गळतात ती इथंच. म्हणून फी अख्ख्या गाण्याची सांगा. तीन महिने म्हणा, आणि शेवटी पालकांसमोर वाजवायला लावा.

दुसरं म्हणजे, स्वस्त गिटारच्या तारा बऱ्याचदा पट्टीपासून फार उंच असतात. बोटं दुखतात आणि पोराला वाटतं, आपल्याला जमणारच नाही. आपल्या मिरजेत (सितार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ना, तेच मिरज) वाद्याची जवारी काढणं हे स्वतंत्र कसब मानतात. तुम्हीही प्रवेशाच्या दिवशीच गिटार तपासा, तारांची उंची नीट करून द्या. आणि त्याचे पैसे वेगळे लावा, लाजू नका.