हृदयाची लय आणि परिचारिकेचा खिसा

आरोग्यसेवेविषयीच्या आपल्या मागण्या बहुधा इमारती, खाटा, औषधे आणि रिक्त पदे यांभोवती फिरतात. त्या रास्तच आहेत. तथापि परिचारिका व रुग्णवाहिकेवरील सेवक यांच्या प्रशिक्षणाचा खर्च कोणी सोसावयाचा, या प्रश्नाला आपण जवळजवळ हातच घातलेला नाही.

हृदय बंद पडलेले दोन रोगी बाहेरून सारखेच दिसतात: नाडी नाही, शुद्ध नाही. हृदयालेखावर मात्र एकाचे स्नायू सैरभैर थरथरत असतात, तर दुसऱ्याची रेषा सपाट असते. छातीवरील दाब दोघांनाही हवा. परंतु पहिल्याला विजेचा झटका तातडीने द्यावा लागतो. दुसऱ्याला त्याचा उपयोग नाही, त्याला अ‍ॅड्रिनलिन लवकरात लवकर मिळाले पाहिजे, दर तीन ते पाच मिनिटांनी एक मिलिग्रॅम. अतिमंद नाडीसाठी अ‍ॅट्रोपिन. हृदय भरधाव सुटले तर काही प्रकारांत अ‍ॅडिनोसिन, तेही शिरेत झटकन सोडले तरच, कारण काही सेकंदांतच त्याचा प्रभाव ओसरतो. यांपैकी अ‍ॅड्रिनलिन व अ‍ॅट्रोपिन ही जुनी, स्वस्त औषधे आहेत. ती केव्हा द्यावयाची हे ओळखणारा माणूस तयार करण्यास पैसा लागतो.

हे ज्ञान म्हणजे डॉक्टरांची मिरास, असे अजूनही कोणी म्हणतात. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे डॉ. लॉरेन्स मेल्ट्झर यांनी १९६२ च्या सुमारास हृदयरोग्यांचा जो कक्ष उभारला, तेथे परिचारिकाच लय ओळखीत आणि डॉक्टरांची वाट न पाहता झटका देत. मुख्य परिचारिका रोझ पिनिओ या त्यांच्याबरोबर १९६५ च्या पाठ्यपुस्तकाच्या सहलेखिका होत्या.

शिवाय हे शिक्षण एकदाच घेऊन भागत नाही. हृदयविकारानंतर नाडीतील जादा ठोके औषधाने दाबावेत, असे डॉक्टर वर्षानुवर्षे मानीत. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशी औषधे घेणारेच अधिक संख्येने दगावल्याचे दिसले. म्हणूनच प्रचलित प्रमाणपत्रांची मुदत दोन वर्षांची असते. दर वेळी शुल्क काही हजार रुपये!

गॅरी बेकर यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात असे मांडले की, जे कौशल्य कोठेही विकता येते त्याचा खर्च मालक करणार नाही. कामगारच करील, कारण पुढे त्याला वेतन वाढून मिळेल. बाजाराचे वर्णन म्हणून हे बरेचसे खरे आहे. परंतु राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी परिचारिकेचे मानधन प्रमाणपत्राने वाढत नाही. लाभ होतो तो रात्री दोन वाजता आणलेल्या शेतमजुराला. ज्याचा लाभ समाजाला, त्याचा भार तिच्या खिशावर का?

'आधी पदे भरा, मग प्रशिक्षण' असे आपल्यातीलच काही सहकारी म्हणतात. पदे भरलीच पाहिजेत. पण आज जी बाई एकटी पाळीवर उभी आहे, तिला तोवर अंधारात ठेवण्याचे कारण मला दिसत नाही. यंत्रखरेदीला निधी मिळतो, फीत कापण्यास मंत्री मिळतात, आणि यंत्र कित्येकदा वेष्टनातच राहते.

प्रशिक्षण विनामूल्य, कामाच्या वेळेत, पूर्ण वेतनी आणि कंत्राटी सेवकांसही मिळावे, दर दोन वर्षांनी त्याची उजळणी व्हावी, ही मागणी कर्मचारी संघटनांच्या सनदेत यावी. तोपर्यंत प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकाराखाली एवढेच विचारावे: ग्रामीण रुग्णालयात हृदयालेख वाचू शकणाऱ्या परिचारिका किती, त्यांचे शेवटचे प्रशिक्षण केव्हा झाले, आणि त्याचे पैसे कोणी भरले?