नात्यागोत्याचे शास्त्र कधी शिकायचे?

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे घरोघर एक छोटी संसद भरते. काका, मामा, शेजारचे निवृत्त बँक अधिकारी असे सारे तिचे सभासद. अशा सभेपुढे एखाद्या मुलीने 'मला सामाजिक मानवशास्त्रात पदवी घ्यायची आहे' असे म्हटले, की पहिला प्रश्न येतो, 'म्हणजे काय?' आणि लगोलग दुसरा, 'ते शिकून पुढे काय?' दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण तिसरा कोणी विचारत नाही: हे अठराव्या वर्षीच कशाला? आधी रीतसर काहीतरी शिकावे, हौस उरलीच तर एम. ए.ला हा विषय घ्यावा, हे सगळ्यांनी गृहीतच धरलेले असते. पंचवीस वर्षे पदवीच्या वर्गांना समाजशास्त्र शिकवल्यावर माझे मत नेमके उलटे झाले आहे.

'म्हणजे काय'चा घोटाळा थोडा आपल्या भाषेनेही केला आहे. 'मानववंशशास्त्र' म्हटले की डोळ्यांपुढे कवट्या मोजणारा गृहस्थ उभा राहतो. ती बाजूही या विषयाला आहेच. दिल्ली विद्यापीठात तो बी. एस्सी. ऑनर्सला, म्हणजे विज्ञान शाखेत शिकवतात. सामाजिक मानवशास्त्र ही त्याची इंग्लंडात वाढलेली शाखा. लंडन, एडिंबरा, मँचेस्टर इथे तिची स्वतंत्र पदवी मिळते. लग्न कोणाशी चालते, देणेघेणे कसे होते, भांडण कोण मिटवते, मेलेल्या माणसाचे काय करतात, असल्या रोजच्या गोष्टी लोकांत राहून समजून घ्यायच्या, एवढाच तिचा उद्योग.

पहिल्याच वर्षी मुलांना ब्रॉनिस्लॉ मालिनोव्स्की भेटतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात हा माणूस न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर तंबू ठोकून राहिला, तिथली भाषा शिकला. १९२२ च्या पुस्तकात त्याने तिथल्या 'कुला'चे वर्णन केले. लोक जीव धोक्यात घालून होड्यांतून समुद्र ओलांडतात. कशासाठी? तर तांबड्या शिंपल्यांच्या माळा बेटाबेटांतून एका दिशेने फिरतात आणि पांढऱ्या शंखाची कडी उलट दिशेने. कायमची कोणीच ठेवून घेत नाही. काही दिवस मिरवायची आणि पुढच्याला द्यायची.

हे सांगितले की वर्ग हसतो. मग मी विचारायची, "तुमच्या आईच्या कपाटात खणांचा गठ्ठा आहे का?" हसणे चालूच राहते, पण जरा निराळे. लग्नात आलेला खण मुंजीत जातो, मुंजीतला डोहाळजेवणात, तिथला आणखी कोणाच्या ओटीत. तो शिवला जाणार नाही हे देणारीला ठाऊक असते आणि घेणारीलाही. कोणता खण कोणाकडून आला ते आई बरोबर लक्षात ठेवते, कारण तो फिरून त्याच घरी जाता कामा नये. (एकदा तरी तो जातोच!) आणि दिलाच नाही तर? वर्षभर बोलणे ऐकावे लागते. देण्याचे, घेण्याचे आणि फेडण्याचे बंधन कसे असते, यावर मार्सेल मॉसने १९२५ मध्ये मोठा निबंध लिहिला. आमच्या आज्यांना तो पटला असता, त्यात नवे काय असे मात्र त्यांनी विचारले असते.

दुसरा अभ्यास घरच्या नात्यांचा. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला दोन आडव्या रेघा, असा तक्ता काढायचा. वडिलांकडच्या पाच पिढ्या मुले सहज भरतात. वर्तुळे मात्र तिसऱ्या पिढीतच बिननावाची होऊ लागतात. पणजीचे सासरचे नाव सापडते. लग्नात ते बदलण्यापूर्वी तिला माहेरी काय म्हणत, ते घरात एकालाही सांगता येत नाही. मग आतेमामे लग्नांचा विषय निघतो. एक मुलगी म्हणते, "मामेभाऊ म्हणजे भाऊच की!" तिच्या शेजारचा म्हणतो, "आमच्यात मामाच्या मुलीवर पहिला हक्क." दोघेही मराठी, एकाच बाकावरचे. उत्तर आणि दक्षिण भारताच्या नातेव्यवस्था महाराष्ट्रात कशा एकमेकींना भेटतात, ते इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात दाखवले आहे. पण तो ग्रंथ कळतो या बाकावरच्या संवादानंतर.

आणि हे अठराव्या वर्षी का, त्याचे अगदी व्यावहारिक कारण असे, की तेव्हा बहुतेकांची आजी हयात असते. विचारायला माणूस आहे, आणि 'आमच्यात असेच असते' हे वाक्य अजून तोंडात पक्के बसलेले नाही.

या विषयाचे सगळेच गोड आहे असे नाही. इरावतीबाई १९२७ नंतर बर्लिनला ज्या ऑयगेन फिशरच्या हाताखाली शिकल्या, तो पुढे नाझींच्या वंशविचाराचा आधार झाला. कवट्यांच्या मोजमापांतून युरोपियनांचे वेगळेपण सिद्ध व्हावे ही त्याची अपेक्षा. बाईंच्या मोजमापांतून ते निघाले नाही आणि त्यांनी तसे लिहिले. आपल्याकडे इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, तरी गावात चोरी झाली की पहिला संशय पारध्यांच्या पालांवर. माणसांची वर्गवारी कोण करतो आणि ती कोणाच्या मानगुटीवर बसते, हे विद्यार्थ्याला आधी कळायला हवे. नंतर त्याच्या हाती अधिकार येतो.

अधिकारावरून आठवले. महाराष्ट्रात या विषयाची ओळख बहुतेकांना होते ती स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये. 'गुण देणारा' ऐच्छिक विषय म्हणून चार-सहा महिन्यांत तो गाइडांवरून उरकला जातो. कातकरी, कोलाम, माडिया ही नावे पाठ असतात. पण कातकरी पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर आणि कोळसा पाडायला बाहेर पडतात, तेव्हा जानेवारीत वाडीवर सर्वेक्षण केले तर बंद झोपड्याच मोजल्या जातील, एवढी साधी गोष्ट त्या गाइडात नसते. ती वाडीवर चार दिवस राहिले की कळते. एम. एन. श्रीनिवास हे मुंबईत घुर्यांचे विद्यार्थी. १९४८ मध्ये ते म्हैसूरजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. १९७० मध्ये अमेरिकेत लागलेल्या आगीत त्यांची टिपणे जळाली, तरी आठवणीवरून त्यांनी त्या गावावर पुस्तक लिहिले. ते १९७६ मध्ये आले. गाइड जळाले तर आपल्या अधिकाऱ्यापाशी काय उरेल?

राहिला 'पुढे काय'. पदवी मिळाली की नेमणूक, असे इथे नाही, आणि मुलीला ते स्पष्ट सांगावे. सार्वजनिक आरोग्य, स्वयंसेवी संस्था, संग्रहालये, बाजारपेठेचे सर्वेक्षण, शिक्षण या वाटा आहेत. बहुतेक ठिकाणी पुढचे शिक्षण लागते. घरात दुसरा कमावता नसेल, तर तिने सोबत दुसरे एखादे कौशल्य शिकावे, हेही मी सांगेन. परदेशी पाठवण्यासाठी घर गहाण टाकावे, असे मला मुळीच वाटत नाही.

त्यापेक्षा इथे सोय व्हावी. त्यासाठी नवा विभाग, नवी इमारत काही लागत नाही. समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला घरच्या तक्त्याला वीस गुण आणि एका वस्तीवर पंधरा दिवस राहण्याला तीस गुण ठेवावेत. तोंडी परीक्षा त्या वस्तीतल्या कोणाला तरी शेजारी बसवून घ्यावी.