दोलनदर्शकाच्या कोष्टकांतील शब्द

दौंडास आमच्या पुतण्याचें सर्किट बोर्ड दुरुस्तीचें दुकान आहे; कुरकुंभ व रांजणगांव येथील औद्योगिक वसाहतींतून त्याच्याकडे काम येतें. गेल्या आठवड्यांत तो शिरुरास आला, तो एक छापील कोष्टक घेऊनच. “काका, यांतील शब्द उलगडून द्या. पैसे घरच्या सामाईक पेटींतले आहेत. पुन्हां चूक नको.” मी पडलों संस्कृतचा मास्तर. पण शब्दाचा अर्थ कोणी विचारला कीं मला राहवत नाहीं. नात अभियांत्रिकी शिकते. तिच्या पुस्तकांवर दोन रात्री बसलों.

दोलनदर्शक, म्हणजे ऑसिलोस्कोप, हें विद्युद्दाबाचे चढउतार पडद्यावर रेषेनें काढून दाखविणारें यंत्र होय. पुतण्याजवळच्या जुन्या यंत्रावर ‘२० मेगॅहर्ट्झ’ असें लिहिलें आहे. गतवर्षीं एका बोर्डावरील १६ मेगॅहर्ट्झचा चौकोनी तरंग त्यावर गोलसर दिसला. सोळा तर विसांच्या आंतच. तेव्हां दोष बोर्डाचा, असें समजून त्यानें चांगले भाग काढून नवे बसविले. तरंग गोलच राहिला. पदरचे पैसे गेले, गिऱ्हाईकही गेलें.

घोटाळा ‘बँडविड्थ’ या शब्दाचा होता. वीसपर्यंत सर्व खरें दिसेल, असा त्याचा अर्थ नव्हे. त्या ठिकाणीं तरंगाची उंची खरीच्या ७०.७ टक्केच दिसते व पुढें घटतच जाते. हा विचित्र आंकडा आला कोठून? शक्ति निम्मी झाली म्हणजे उंचीस दोहोंच्या वर्गमूळानें भागावें लागतें. आणि तें वर्गमूळ म्हणजे बौधायनाच्या शुल्बसूत्रांतील द्विकरणी, एक हात चौरसाचा कर्ण! (हें सांगतांना मला जो आनंद झाला, तो पुतण्यास झालेला दिसला नाहीं.) शिवाय चौकोनी तरंगाच्या पोटांत तिप्पट, पांचपट, सातपट वेगाचे तरंग असतात, कोपरे उमटतात ते त्यांच्यामुळें. सोळांची तिप्पट अठ्ठेचाळीस. विसांच्या यंत्रांत ती बहुतेक गळते. पांचपट, म्हणजे ८०, पदरांत पडावयास १०० मेगॅहर्ट्झचें यंत्र हवें.

‘राइज टाइम’ हा याच गोष्टीचा दुसरा मुखवटा: ०.३५ ला बँडविड्थनें भागावें. जुन्या यंत्रास १७.५ नॅनोसेकंद, नव्यास ३.५.

खरी मेख ‘सॅम्पल रेट’मध्यें. ठळक अक्षरांत ‘सेकंदास एक अब्ज नमुने’. तळटीपेंत मात्र, चारही वाहिन्या चालू असतां प्रत्येकीस पंचवीस कोटी. म्हणजे १०० मेगॅहर्ट्झच्या एका आवर्तनास अवघे अडीच नमुने! दोहोंहून कमी पडले तर पडद्यावर भलताच तरंग दिसतो, तोही इतका सुबक कीं शंका येऊं नये. वाचकांच्या घरीं कोणी असें कोष्टक आणील, तर त्यांनीं तळटीप आधीं वाचावी.

पुतण्यानें तिच्याखालीं पेन्सिलीनें रेघ ओढली. “मला दोनच वाहिन्या पुरेत,” तो म्हणाला. दोन चालू असतां प्रत्येकीस किती, हें कागदावर नव्हतें. विक्रेत्याकडून तें लेखी येईपर्यंत पेटी उघडावयाची नाहीं, असें ठरलें.