मेलवरचा शिक्का नेमका कोणाचा?

मेल आला की आपण दोनच गोष्टी बघतो. कोणाचा आहे, आणि प्लेसमेंटचा आहे का! त्याच्या डोक्यावरच्या पंधरा-वीस हेडर ओळी कोणी उघडतच नाही. टपालावर प्रत्येक पोस्टाचा शिक्का बसतो ना, तसा वाटेतला प्रत्येक सर्व्हर 'रिसीव्ह्ड' ही ओळ सर्वांत वर चिकटवतो. म्हणून मेलचा प्रवास खालून वर वाचायचा.

असा शिक्का आपल्यालाही मारता येतो. युनिक्सवर 'प्रोकमेल'सोबत 'फॉरमेल' हे चिमुकलं कमांड-लाइन टूल येतं. दोन्ही स्टीफन व्हॅन डेन बर्ग यांची. एका बाजूने मेल आत, दुसऱ्या बाजूने नवी ओळ लागलेला मेल बाहेर. बस्स!

मीही हौसेने फिल्टर लिहिला. तपासणी झाली की 'एक्स-तपासलं' या ओळीत 'हो' किंवा 'नाही' लिहायचं, 'हो' असेल तर मेल इनबॉक्समध्ये. रूममेटने गंमत केली. स्वतःच्या मेलमध्ये आधीच 'एक्स-तपासलं: हो' घालून पाठवलं. मी वापरला होता लहान 'ए' ऑप्शन. तो काय करतो? त्या नावाची ओळ आधीच असेल तर गप्प बसतो! माझं 'नाही' लागलंच नाही आणि पठ्ठ्या थेट आत. कॅपिटल 'ए' घेतला असता तरी दोन्ही ओळी शेजारी नांदल्या असत्या. हवा होता कॅपिटल 'आय', जो जुनी ओळ काढून आपली लावतो. (लहान 'आय' जुनीला 'ओल्ड-' जोडून ठेवतो, पुरावा म्हणून उत्तम.)

माझं मत स्पष्ट आहे. आपल्या दारात आलेल्या मेलवर आपल्या नावाचा शिक्का आधीच असेल, तर तो पुसूनच आपला मारावा. 'एवढा अविश्वास कशाला?' असं सिनियर्स म्हणतात. अहो, हेडर लिहिणारा पाठवणाराच असतो!

आणि 'जुनं टूल आहे, चालतंय ना, हात लावू नकोस' हेही मला पटत नाही. २००१ ची ३.२२ आवृत्ती वर्षानुवर्षं तशीच चालली, आणि २०१४ व २०१७ मध्ये खुद्द फॉरमेलमध्येच मेल वाचताना मेमरी ओलांडणाऱ्या चुका सापडल्या. म्हणजे शिक्का मारणाराच पाकीट उघडताना कोसळायचा! तेव्हा लॅबमध्ये बसवण्याआधी आवृत्ती बघा. माझ्या फिल्टरमध्ये आता कॅपिटल 'आय' आहे. रूममेट नवीन युक्ती शोधतोय.