लोंबींतील देवघेव

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारांवर पावसाळ्यांत भात, नागली व वरई हीं पिकें होतात. त्यांचें पुढील वर्षाचें बीं घरींच राखून ठेवण्याची रीत तेथील वारली, कोकणा, महादेव कोळी कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पेरावें तें उगवतें, हा त्या रीतीमागील विश्वास. परंतु एकाच आईबापांचीं दोन मुलें सारखीं नसतात, हेंही आपण घरोघर पाहतों. मग भाताचें बीं वर्षानुवर्षें तसेंच कसें राहतें?

भाताच्या पेशींत गुणसूत्रांच्या १२ जोड्या असतात, मनुष्याच्या पेशींत २३. जोडींतील एक सूत्र पित्याकडून आलेलें, दुसरें मातेकडून. परागकण किंवा बीजांड तयार होण्यापूर्वीं हीं दोन सूत्रें एकमेकांस बिलगतात, समोरासमोरच्या जागीं तुटतात, आणि एकाचा तुकडा दुसऱ्यास सांधला जातो. मगच जोडी विलग होऊन प्रत्येकाच्या वाट्यास एकेक सूत्र येतें. म्हणून नातवाला मिळणारें सूत्र केवळ आजोबांचें नसतें वा केवळ आजीचें नसतें. तें दोघांच्या तुकड्यांनीं जोडलेलें असतें. यान्सेन्स यांनीं १९०९ सालीं सूक्ष्मदर्शकाखालीं अशीं गुंतलेलीं सूत्रें पाहून हा तर्क केला. १९३१ मध्यें हॅरिएट क्राइटन व बार्बरा मॅक्लिंटॉक ह्या दोन विदुषींनीं मक्यावर त्याचा प्रत्यक्ष पुरावा दिला.

भाताचें फूल मात्र बहुधा स्वतःच्याच परागानें फळतें. त्यामुळें जुन्या वाणांत जोडीचीं दोन्ही सूत्रें जवळजवळ एकसारखीं झालेलीं असतात. देवघेव तेथेंही होते; पण फडताळांतील दोन सारख्या वाट्यांची जागा बदलली तर मांडणी बदलत नाहीं, तसाच हा प्रकार. म्हणूनच घरचें बीं विश्वासू असतें.

संकरित भाताचें तसें नाहीं. त्यांत दोन भिन्न वाणांचीं सूत्रें एकत्र नांदतात. पहिल्या वर्षीं शेत एकसारखें डोलतें. पण त्याचेंच बीं राखून पेरलें, तर तुकड्यांची अदलाबदल व सूत्रांची वांटणी होऊन कोणतें रोप उंच, कोणतें ठेंगणें, कोणतें आधीं पिकणारें, कोणतें मागाहून, अशी विस्कटलेली संतति निघते. गरीब शेतकऱ्यास मग दरसाल बीं विकत घ्यावें लागतें, आणि घरांत जपलेलें जुनें बीं मागें पडतें.

येथेंच खरी चिंता आहे. ह्याच देवघेवीच्या बळावर कर्जतच्या भात संशोधन केंद्रासारख्या ठिकाणीं नवे वाण सिद्ध होतात. तथापि देवघेव असलेल्या गुणांचीच नवी जुळणी करते, गमावलेला गुण ती परत आणूं शकत नाहीं. उतारावरच्या हलक्या मातींत तग धरणारा एखादा वाण नाहींसा झाला, तर त्याच्या अंगची नेमकी गुणसंपत्ति पुन्हां हातीं येणें दुर्घट. जव्हार भागांत बायफ ही संस्था शेतकऱ्यांसह देशी वाणांचें बीं गोळा करून राखीत आहे, तें ह्यासाठींच. आपल्या पानांतील भाताचें उद्यांचें भवितव्य अशाच मूठभर दाण्यांवर अवलंबून आहे, हें सुज्ञ वाचकांनीं विसरूं नये.